फुटांत मोजलेलं बेलापूर

बेलापूर स्टेशनवर उतरलेला माणूस बेलापुरात पोचत नाही, श्रीरामपुरात पोचतो. खरं बेलापूर, म्हणजे बुद्रुक आणि खुर्द, तिथून पाच-सहा किलोमीटरवर प्रवरेच्या दोन काठांना आहे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, तेव्हा रूळ गावाला बगल देऊन गेले आणि स्टेशनाला जवळच्या मोठ्या गावाचं नाव मिळालं. मग स्टेशनाभोवती वखारी आल्या, पेठ आली, साखर आली, तालुक्याच्या कचेऱ्या आल्या. आता ते गजबजलेलं शहर आहे आणि बेलापूर त्याच्या तालुक्यातलं एक गाव. नकाशावर ओढलेल्या एका रेषेने एवढी उलथापालथ केली.

ती रेषा ओढली गेली तेव्हा व्हिक्टोरिया राणी गादीवर होती. २० जून १८३७ ते २२ जानेवारी १९०१ असा तिचा काळ, एकूण २३,२२६ दिवस. एका माणसाच्या आयुष्यात मावतील एवढ्या या दिवसांत आगगाडी जगभर पसरली, तारायंत्र आलं, स्वस्त पोलाद आलं, सुटसुटीत सायकल आली, विजेची मोटर आली, वाफेचं टर्बाइन आलं. सगळे शोध इंग्लंडात लागले असं नाही, पण काळ तोच. त्यातली बरीचशी मूळ यंत्रं आज भंगारात किंवा संग्रहालयात आहेत. टिकली ती त्यांची मापं. यंत्र बदलायला पैसा लागतो, माप बदलायला सगळ्यांची संमती लागते. पैसा कधी ना कधी उभा राहतो, संमतीचं तसं नाही. म्हणून बेलापूरच्या शिवारात आजही जमीन, पाणी, मोटर आणि रूळ यांचे व्यवहार दीडशे वर्षांपूर्वीच्या आकड्यांत चालतात. ते आकडे उलगडून पाहिले, तर डोकं गरगरेल असा हिशेब हाती लागतो.

३३ फुटांची साखळी

सुरुवात जमिनीपासून करू. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून शेतांची नव्याने मोजणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला कायमचं रूप दिलं. मोजणीचं हत्यार होतं ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर.

मोजणी झाली की माती तपासायची. खोली किती, रंग काळा की तांबूस, त्यात मुरूम किती, चुनखडी किती, उतार किती, हे बघून शेताची नऊ इयत्तांत प्रतवारी लागे. सर्वांत वरची १६ आण्यांची, सर्वांत खालची २ आण्यांची. त्यावर ३० वर्षांसाठी सारा ठरे. रुपये, आणे, पै अशी नाणी केव्हाच गेली, तरी दुष्काळ जाहीर करताना ‘आणेवारी किती लागली?’ हा प्रश्न गावात अजून विचारला जातो.

आता मोठा आकडा. बेलापूर ज्यात येतं त्या अहिल्यानगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, राज्यात सर्वांत मोठं. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे जिल्ह्यात साधारण १६ कोटी ८५ लाख गुंठे बसतात. देशाने मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये केला. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिले जातात. पण भावाभावांत वाटणी होते ती गुंठ्यात, प्लॉट विकला जातो गुंठ्यात, बांध कोरल्याची तक्रार होते तीही गुंठ्यात. योगायोग असा की एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याच्या अगदी जवळ. कागदाने कूस बदलली तरी माणसाला आपला गुंठा सोडावा लागला नाही.

१४५ मैल

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, २१ मैल. तिथून पुढे देशावर यायचं तर सह्याद्री आडवा. पुण्याकडच्या बोरघाटाची चढण जवळजवळ १६ मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५ आणि सर्वांत अवघड ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट उंची. कामाच्या ऐन भरात, जानेवारी १८६१ मध्ये, तिथे ४२,००० माणसं राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्याच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. घाट १८६३ मध्ये खुला झाला. नाशिककडचा थळघाट त्यानंतर, १८६५ मध्ये: चढ ९७२ फूट, बोगदे १३.

दोन्ही घाट झाल्यावर एक अडचण उघडी पडली. उत्तरेकडून मनमाडला आलेल्या मालाला दौंडकडे, पुढे मद्रासकडे जायचं तर थळघाट उतरून कल्याण गाठायचं आणि बोरघाट चढून पुन्हा देशावर यायचं. आजच्या रुळांनी मोजलं तर मनमाड-कल्याण-पुणे-दौंड हे अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या घरात जातं. दौंड-मनमाड जोडरेषा १४५ मैलांची, म्हणजे सुमारे २३३ किलोमीटर. जवळजवळ १९० किलोमीटर वाचले आणि दोन्ही घाट टळले. घाट टळण्याची किंमत आजच्या विजेत मोजता येते: ४,००० टनांची मालगाडी फक्त बोरघाटाच्या उंचीएवढी उचलायला, घर्षण सोडून, सहा हजारांवर युनिटं लागतात. झेलम आणि कर्नाटक एक्स्प्रेससारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या आजही याच जोडरेषेने जातात, ते याच हिशेबाने.

या रेषेचं लोखंड किती? त्या काळचा बेताचा रूळ यार्डाला ६० पौंडांचा धरू. दोन रुळांच्या १४५ मैलांना सुमारे १३,९०० टन. आजचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो, म्हणजे वजन दुपटीवर. आज त्याच अंतराला २८,००० टन लागतील. लोखंडाचे रूळ गेले, पोलादाचे आले. साग-सालाचे स्लीपर गेले, काँक्रीटचे आले. वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं, मग वीज आली. दोन रुळांमधलं अंतर मात्र तेच राहिलं: ५ फूट ६ इंच, १,६७६ मिलिमीटर. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात ठरलेला हा आकडा. तो बदलायचा म्हटलं तर देशातला प्रत्येक डबा, प्रत्येक फलाट आणि प्रत्येक पूल बदलावा लागेल.

रुळांखालच्या मातीचा हिशेब वेगळाच आहे. ही रेषा १८७६-७८ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून उभी राहिली. भराव सरासरी एक मीटर उंच, माथ्यावर सहा मीटर रुंद आणि दोन्हीकडे उतरता धरला, तर मीटरभर लांबीला ८ घनमीटर माती. सगळ्या रेषेला सुमारे १८ लाख ६७ हजार घनमीटर. डोक्यावरच्या एका पाटीत सोळा किलो, म्हणजे एका घनमीटरचा शंभरावा हिस्सा मावतो असं धरू. १८ कोटी ६७ लाख पाट्या झाल्या. एका माणसाने दिवसाला दोनशे खेपा केल्या तरी नुसत्या वाहतुकीला सव्वानऊ लाखांहून जास्त दिवस. खोदाई आणि चोपणी निराळी. हा हिशेब अंदाजाचा आहे, पण पाटी-फावड्याने केलेल्या कामाचा आवाका त्यातून कळतो.

त्या पाट्या वाहणाऱ्याला काय मिळे? सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल याने १८७७ मध्ये मजुरी कापली ती इतकी: धट्ट्याकट्ट्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याचा पैसा आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम ज्वारी, जेमतेम सोळाशे उष्मांक. दिवसभर माती वाहणाऱ्याला याच्या दुपटीने लागतात. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. ब्रिटिश मुलखात त्या दुष्काळाने सुमारे ५५ लाख माणसं नेली, असा अंदाज इतिहासकार सहसा देतात. त्या काळच्या अभियंत्यांनी रुळाचं वजन यार्डागणिक मांडलं आणि भरावाची माती घनफुटात मांडली. माणसाच्या पोटाचा हिशेबही मांडला होता. तोच सर्वांत चुकीचा निघाला.

घड्याळातली ३१ मिनिटं

रेल्वेने आणखी एक गोष्ट कायमची बदलली. बेलापूरचा रेखांश सुमारे ७४.६५ अंश. सूर्याच्या हिशेबाने इथलं घड्याळ ग्रीनिचच्या ४ तास ५९ मिनिटं पुढे हवं. मुंबईचं ४ तास ५१ मिनिटं, मद्रासचं ५ तास २१ मिनिटं. एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांना प्रत्येक गावाचं वेगळं घड्याळ चालणार नव्हतं. एकेरी मार्गावर आठ मिनिटांची गफलत म्हणजे टक्कर. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ घेतली आणि ती तारेने स्टेशनोस्टेशनी पोचवली. बेलापूरच्या देवळातली दुपार आणि बेलापूर स्टेशनातली दुपार यांत २२ मिनिटांचं अंतर पडलं.

पुढे १९०६ मध्ये साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. ती ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे पार उत्तर प्रदेशातली. त्यामुळे आज बेलापुरात घड्याळात १२ वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर यायला सरासरीने ३१ मिनिटं बाकी असतात. वर्षभरात ऋतूप्रमाणे हा फरक पंधरा-सोळा मिनिटांनी मागेपुढे होतो. तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तिने पोचवलेली एकच वेळ मात्र प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर आहे.

८२ मीटर पाण्याची ढकल

आता प्रवरेकडे वळू. नदी उगम पावते ती रतनगडाच्या परिसरात, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेलापूर-श्रीरामपूर पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास. दहाला एक असं हे प्रमाण. वरचं पाणी खाली आणण्याची धडपड व्हिक्टोरियाच्याच काळात सुरू झाली. प्रवरेवर लाख आणि ओझर इथे बंधारे बांधून कालवे काढले गेले. पण बंधारा नदी वाहते तोवरच कामाचा. उन्हाळ्यात नदीच आटली की कालवा कोरडा. पाणी साठवायचं तर उंच धरण हवं, आणि उंच दगडी धरण उभं कसं राहतं याचं गणित तोवर कच्चं होतं.

ते पक्कं व्हायला मुंबईचं पाणी कारण झालं. शहराला पाणीपुरवठ्यासाठी दगडी धरण बांधायचं होतं. मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन टलक यांनी ग्लासगोच्या प्राध्यापक रँकिन यांना सल्ला विचारला. रँकिन यांचं उत्तर १८७२ च्या जानेवारीत छापून आलं आणि दगडी धरणांच्या शास्त्रातला तो पायाभूत लेख ठरला. त्यातला मुख्य नियम सोपा आहे. चुन्यातलं दगडकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून धरणाचं वजन आणि पाण्याची ढकल यांचा एकत्रित जोर पायाच्या मधल्या तिसऱ्या भागातच पडला पाहिजे. तो बाहेर गेला की पाण्याकडची बाजू उचलायला बघते, तडा जातो आणि तड्यात पाणी शिरतं. रँकिन त्याच वर्षी डिसेंबरात गेले.

हाच नियम घेऊन पुढच्या पिढीने प्रवरेवर भंडारदरा धरण उभारलं. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. विल्सन धरण हे नाव त्यावरून पडलं. उंची २७० फूट, सुमारे ८२ मीटर. सगळं चुन्यातलं दगडकाम.

इतकं पाणी उभं राहिलं की तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर ८२ टन दाब. माथ्यापासून तळापर्यंतची सगळी ढकल मिळवली तर सर्वांत खोल जागी धरणाच्या एकेका मीटर लांबीवर ३,३६२ टन. कोळशाची एक भरलेली वाघीण ८१ टनांची, म्हणजे मीटरमीटरवर एकेचाळीस वाघिणी आडव्या रेटत असतात, रात्रंदिवस. त्याला अडवायचं ते निव्वळ वजनाने. रँकिनच्या नियमाप्रमाणे साधा त्रिकोण मांडला, दगडकाम पाण्याच्या २.४ पट जड धरलं, तर पायाची रुंदी ५३ मीटर लागते आणि मीटरभर लांबीचं वजन भरतं ५,२०० टन. हा पुस्तकातला त्रिकोण झाला. प्रत्यक्षात पायाखाली झिरपणारं पाणी धरणाला वर उचलतं, त्याचा हिशेब जुन्या गणितात नव्हता. १९६९ मध्ये भंडारदऱ्याला तडे जाऊन मोठी गळती लागली, तेव्हा पाठीमागून जाड टेकूभिंती देऊन धरण बळकट करावं लागलं. जुन्या सूत्रात जे बसत नव्हतं ते असं नंतर दगड-सिमेंटात भरावं लागलं.

एक क्युसेक, दोन एकर

धरणात मावतं ११,०३९ दशलक्ष घनफूट, बोलीभाषेत अकरा टीएमसी. लिटरमध्ये ३१,२५९ कोटी. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, तो येतो पाटावर.

आवर्तन सुटलं की पाटकरी चारीच्या तोंडाशी उभा राहतो. लोखंडी फळी किती उचलायची, पट्टीवर पाणी कुठवर चढलं, हे बघतो. शेतकऱ्याने पाणी मागितलेलं असतं ते सात नंबरच्या फॉर्मवर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरांहून थोडं जास्त. दिसायला ओढ्यासारखी धार. पण ती चोवीस तास चालू राहिली, की ८६,४०० घनफूट होते, साडेचोवीस लाख लिटर. आता साखळीचं गणित आठवा: एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एका दिवसाचा एक क्युसेक दोन एकरांवर जवळजवळ बरोबर फूटभर पाणी उभं करतो. फुटाची साखळी, फुटाचा कालवा आणि चोवीस तासांचं घड्याळ असं एकमेकांत बसतं, की पाटकऱ्याला कागद-पेन्सिल लागत नाही. जलसंपदा खात्याच्या अहवालात दलघमी लिहिलेलं असतं, म्हणजे दशलक्ष घनमीटर. शिवारात मात्र ‘भंडारदरा किती टीएमसी झालं?’ असंच विचारलं जातं.

पाणी वाटायचं कसं, याचंही सूत्र जुनंच. पाट आला तेव्हा ज्याच्या शेताला तोंड जवळ त्याने ऊस लावायचा आणि टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या माणसाने आभाळाकडे बघायचं, असं होऊ लागलं. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात नोकरीला असताना त्यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत मांडली: ठरावीक क्षेत्राचा ब्लॉक, त्यातल्या ठरावीक हिश्शातच ऊस, बाकी भागात हंगामी पिकं. दख्खनच्या कालव्यांवर ती पसरली. आजही ‘आमचा ब्लॉक आहे’ असं सांगणाऱ्याच्या आवाजात हक्क असतो.

विहिरीवरच्या मोटरीतही तोच काळ आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात अ‍ॅपोल्ड नावाच्या माणसाने वळणदार पात्यांचा पंप मांडला. सरळ पात्यांचा पंप दिलेल्या ताकदीतली २४ टक्के कामी लावत होता, अ‍ॅपोल्डचा ६८ टक्के. पातं फक्त वाकवलं आणि फायदा जवळपास तिप्पट झाला. १८८८ मध्ये टेस्लाची इंडक्शन मोटर आली. या दोघांची जोडी म्हणजे आपला मोनोब्लॉक पंप. पाच एचपीची मोटर पंधरा मीटर खोलीवरून, निम्मी ताकद वाया गेली तरी, तासाला सुमारे ४५,००० लिटर ओढते. बैलांची मोट एका खेपेला दीडशे लिटर आणि मिनिटाला एक खेप धरली, तर तासाला नऊ हजार. पाच मोटा, दहा बैल, आणि मोटर दमत नाही. विहिरी खोल का गेल्या याचं उत्तर या शेवटच्या शब्दांत आहे.

३७५ टन पाण्याची वाफ

पाणी आलं, रेल्वे होतीच. पहिल्या महायुद्धानंतर हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. कारखान्यांसाठी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी पुढे कमाल धारणेच्या कायद्यात शेती महामंडळाकडे गेल्या आणि खंडकऱ्यांच्या वारसांना त्या परत मिळवायला दशकानुदशकं लढावं लागलं. नदीच्या वरच्या अंगाला लोणीत विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी सहकाराचा कारखाना उभा केला. त्याचं पहिलं गाळप १९५०-५१ च्या हंगामात झालं, रोजचं ५०० टनांच्या घरात.

पाचशे टनांचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. तेवढ्या उसातून, धुऊन काढायला घातलेलं पाणी धरून, साधारण पाचशे टन रस निघतो. त्यात विरघळलेले घन पदार्थ १५ टक्के. तो ६० टक्क्यांपर्यंत आटवायचा म्हणजे रोज ३७५ टन पाण्याची वाफ करायची. उघड्या काहिलीत टनभर पाणी उडवायला टनभर वाफेएवढी उष्णता लागते. उसाचं चिपाड निघतं १४५ टनांच्या आसपास, आणि एका टन चिपाडावर सव्वादोन टनांच्या जवळपास वाफ होते. म्हणजे हाताशी ३२० टन वाफ आणि गरज ३७५ची. कारखाना आटवतानाच तोट्यात, मग चरक आणि पंप कशावर फिरणार?

ही कोंडी फोडली नॉर्बर्ट रिल्यू या न्यू ऑर्लिन्सच्या अभियंत्याने. आई कृष्णवर्णीय, बाप गोरा, आणि गाव गुलामीच्या कायद्याखालचं. त्याने १८४३ मध्ये पेटंट घेतलं ते असं: पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ निघते, तीच दुसऱ्या भांड्याला तापवायला वापरायची, दुसऱ्याची तिसऱ्याला. प्रत्येक पुढच्या भांड्यात हवा विरळ केली की रस कमी उष्णतेवर उकळतो, आणि जळतही नाही. चार भांडी ठेवली तर ३७५ टन पाणी उडवायला साधारण ९४ टन वाफ पुरते. हाताशी ३२०. साखर कारखाना कोळसा विकत न घेता चालतो तो या एका वजाबाकीवर.

उरलेल्या वाफेला काम लावलं पार्सन्स नावाच्या अभियंत्याने. त्याचं १८८४ चं पहिलं टर्बाइन मिनिटाला १८,००० फेरे घेई आणि साडेसात किलोवॅट वीज देई. आता कारखान्यांत सहवीज प्रकल्प असतात. ३० मेगावॅटचा एक संच म्हणजे पार्सन्सची चार हजार यंत्रं.

शेवटचा टप्पा बघायला गाळपाच्या दिवसांत सेंट्रिफ्युगलच्या मजल्यावर उभं राहावं. वरून मसिक्युट उतरते, काळपट तपकिरी, चिखलासारखी घट्ट, मळीत गुंतलेले दाणे. जाळीचं पिंप फिरायला लागतं, आवाज चढत जातो, मळी जाळीतून बाहेर फेकली जाते. गरम पाण्याचा एक फवारा बसतो आणि कडेचा थर तपकिरीचा पिवळा, पिवळ्याचा पांढरा होतो. सव्वा मीटर रुंदीच्या जवळपासचं पिंप मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरलं, तर कडेचा दाणा स्वतःच्या वजनाच्या साडेसहाशे-सातशे पट जोराने जाळीवर दाबला जातो. १८५०च्या दशकाआधी हीच मळी भांड्यांतून आपल्या वजनाने निथळायला आठवडे लागत. आता मिनिटं लागतात.

किलोमागे दोन हजार लिटर

या सगळ्या आकड्यांची बेरीज एका चमच्यात येते. पाटाच्या पाण्यावरच्या उसाला हेक्टरी सुमारे २५,००० घनमीटर पाणी धरू, उत्पादन १०० टन, उतारा ११ टक्के. म्हणजे ११ टन साखर. भागाकार केला की एका किलोमागे २,२७० लिटर येतात. पाच ग्रॅमच्या चमच्यामागे अकरा लिटरांहून जास्त.

अहिल्यानगर आणि नाशिकविरुद्ध मराठवाडा असं पाण्याचं भांडण दर तुटीच्या वर्षी पेटतं, ते याच हिशेबावर. मराठवाड्याचं जायकवाडी धरण १०२ टीएमसीचं. ऑक्टोबरच्या मध्याला ते ठरलेल्या पातळीपर्यंत भरलेलं नसेल, तर वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं, असं २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपाचं तत्त्व सांगतं. मग किती टीएमसी सुटणार आणि वाटेत किती मुरणार यावर मोर्चे निघतात आणि कोर्टकज्जे होतात.

गुंठा, १,६७६ मिलिमीटर, साडेपाच तासांची वेळ, क्युसेक: हे आकडे आपल्याला आयते मिळाले आणि ते बदलणं आता परवडत नाही. बदलायचं फारसं कारणही नाही. किलोमागचे २,२७० लिटर मात्र कुठल्या राणीच्या राज्यात ठरलेले नाहीत. ते आपल्या पाट मोकळा सोडण्याच्या सवयीने ठरवले आहेत, आणि ठिबकची नळी कमी पाण्यात तोच ऊस काढून दाखवते. समजा भंडारदऱ्याचं सगळं पाणी उसालाच जातं आणि हा आकडा फक्त चौथ्या हिश्शाने खाली आला. वाचलेलं पाणी होतं पावणेतीन टीएमसी, प्रवरेवरच्याच निळवंडे धरणाच्या ८.३२ टीएमसीचा तिसरा भाग. तेवढ्या साठ्याचं नवं धरण बांधायला गावं उठवावी लागतात आणि पिढ्या जातात. इथे बदलायची आहे ती शेतातली पाणी द्यायची रीत, आणि त्यासाठी संमती लागते ती फक्त आपली.